तिसऱ्या अंकात किल्ली लपवायला कुणी नव्हतं

ऑक्टोबरात आमच्या कॉलेजातला टी. वाय.चा इंग्रजीचा वर्ग कधी पूर्ण भरत नाही. बहुतेक मुलं तासगाव, पलूस, कवठेमहांकाळ आणि मिरजेच्या पूर्व भागातली. त्या दिवसांत द्राक्षबागांची छाटणी चालू असते. घरात माणूस कमी पडलं की कॉलेजातलं पोर आधी बागेत जातं, मग वर्गात येतं. तरी त्या शनिवारी वर्ग भरला होता, कारण 5 नोव्हेंबर तोंडावर आला होता. सांगलीत ही तारीख कुणाला समजावून सांगावी लागत नाही. 1843 साली याच दिवशी विष्णुदास भाव्यांनी इथे ‘सीता स्वयंवर’ उभं केलं, आणि मराठी रंगभूमी दिन आजही त्याच तारखेला साजरा होतो. आमचा विभाग त्या निमित्ताने एखादा प्रवेश बसवतो आणि तो बहुतेक वेळा शेक्सपिअरचा असतो. हरिपूरच्या देवलांनी ‘ऑथेल्लो’वरून ‘झुंझारराव’ लिहिलं, शेजारच्या सातारा जिल्ह्यातल्या टेंभूच्या आगरकरांनी 1883 साली ‘हॅम्लेट’चं ‘विकारविलसित’ केलं. कृष्णाकाठची माणसं हा लेखक पिढ्यान्‌पिढ्या वाचत, करत आली आहेत.

त्या वर्षी अभ्यासाला ‘रोमिओ अँड ज्युलिएट’ होतं. मुलांना अर्थातच सज्जातला प्रवेश करायचा होता. मी तिसऱ्या अंकाचा पहिला प्रवेश घ्यायला लावला. भर दुपार, रस्ता, दोन खून आणि एक हद्दपारी. काही मुली नाराज झाल्या, पण मी माझा हेका सोडला नाही, कारण या नाटकाबद्दल माझं एक ठाम मत आहे. हे नाटक प्रेमाचं म्हणून जगभर ओळखलं जातं, वाढदिवसाच्या कार्डांवर छापलं जातं. माझ्या लेखी ते आधी वैराचं आणि सुडाचं नाटक आहे, आणि याला मूळ संहितेतच पुरावा आहे. शेक्सपिअरने ही गोष्ट घेतली ती आर्थर ब्रुक नावाच्या कवीच्या 1562 सालच्या दीर्घ इंग्रजी कवितेवरून. ब्रुककडे गोष्ट कित्येक महिने चालते. तिथला रोमिअस ज्युलिएटच्या मामेभावाला, टिबल्टला मारतो तो स्वतःचा जीव वाचवताना. तो भांडण सोडवायला जातो, टिबल्ट त्याच्यावरच चालून येतो. नाटकात रोमिओचा मित्र असलेला मर्क्युशिओ त्या कवितेत एका मेजवानीत दिसतो आणि तेवढाच. त्याचं मरणं, त्याच्यासाठी रोमिओचं पेटणं, ही सगळी शेक्सपिअरची भर आहे. स्वसंरक्षणातला खून त्याने मुद्दाम सुडाचा खून केला. आणि महिन्यांची गोष्ट आवळून रविवार सकाळ ते गुरुवार पहाट एवढ्यात बसवली. हे दोन बदल एकमेकांना किती घट्ट बांधलेले आहेत, ते मला त्या दिवशी वर्गात नव्याने उमगलं. म्हणून हे लिहिते आहे.

बाकं भिंतीला सरकवून मधे जागा केली. तलवारींच्या जागी छत्र्या होत्या. सुरुवातीलाच मागच्या बाकावरून नेहमीचा प्रश्न आला, “मॅडम, पण ह्या दोन घराण्यांचं नेमकं वाजलंय कशावरनं?”

नाटकात त्याचं उत्तर नाही. जुनं वैर एवढंच सांगितलं जातं. व्हेरोनाचा राजा पहिल्याच प्रवेशात म्हणतो की पोकळ शब्दावरून तीनदा शहराचा रस्ता पेटला. पण तो शब्द कुठला, कुणाचा, ते तोही सांगत नाही. मी हे सांगितल्यावर मुलांना ते पटेना. मग त्यांनीच कारणं पुरवायला सुरुवात केली. बांध कोरला असेल. यात्रेत पालखीला खांदा द्यायचा मान एकाने घेतला असेल. विहिरीच्या पाण्याची पाळी चुकवली असेल. ग्रामपंचायतीला एकाने दुसऱ्याचं पॅनेल पाडलं असेल. सुतकात आले नाहीत. लग्नाची पत्रिका आली नाही, किंवा आली पण माणसाबरोबर आली नाही. एकाचं सांगून होतं न होतं तोच दुसरा आपल्या गावातलं सांगत होता. आणि सगळ्यांच्या सांगण्यात एक गोष्ट सारखी होती: भांडण ज्यांनी सुरू केलं ती माणसं एकतर गेली होती, नाहीतर उंबऱ्यावर बसून होती. डूख धरून होती ती नातवंडं.

नाटकातही अगदी असंच आहे. ज्युलिएटचा बाप, म्हातारा कॅप्युलेट दुसऱ्याच प्रवेशात म्हणतो, आमच्या वयाच्या माणसांना शांततेने राहणं काही अवघड नाही. त्याच्या घरच्या मेजवानीत रोमिओ शिरलाय हे टिबल्ट आवाजावरून ओळखतो आणि तलवार मागवतो, तेव्हा हाच कॅप्युलेट त्याला दरडावून गप्प करतो, रोमिओ चांगल्या वळणाचा मुलगा आहे म्हणतो. थोरले थकलेले आहेत. पण एवढं असूनही तो उठून रोमिओच्या बापाच्या, माँटेग्यूच्या दारात जात नाही. मनातून वैर संपलेलं असतं, पण पहिलं पाऊल कुणी टाकायचं यावर सगळं अडतं. पहिल्या प्रवेशात भांडण उकरून काढतात तेही दोन्ही घरचे नोकर. ज्यांच्या नावावर ना वाडा, ना मान, त्यांनाच रस्त्यात दुसऱ्याच्या नोकराकडे बघून अंगठा चावून दाखवायची हौस.

वाचन सुरू झालं. प्रसंग थोडक्यात असा. रोमिओचं आणि ज्युलिएटचं तासाभरापूर्वी गुपचूप लग्न लागलेलं आहे. टिबल्ट त्याला शोधत येतो, भर रस्त्यात शिवी देतो. टिबल्ट म्हणजे ज्युलिएटचा मामेभाऊ, म्हणजे आता रोमिओचा मेहुणाच. रोमिओ शिवी गिळतो, तुझ्यावर प्रेम करायला माझ्याकडे कारण आहे म्हणतो, पण कारण सांगत नाही. त्याचा मित्र मर्क्युशिओ याला ही शेपूट घालणं असह्य होतं. तो स्वतः तलवार उपसतो. रोमिओ मधे पडतो, आणि त्याच्याच हाताखालून टिबल्ट मर्क्युशिओला भोसकतो.

आमचा मर्क्युशिओ पलूसकडचा, बोलका, अंगाने दणकट. टिबल्ट किरकोळ आणि शांत. त्याला राग आणताच येत नव्हता. रोमिओचं काम तासगाव तालुक्यातल्या एका मुलाकडे होतं. वर्गात तो फारसा बोलत नाही. त्याने रोमिओ मागून घेतला याचंच मला नवल वाटलं होतं. तिघांची झटापट काही केल्या जमेना. रोमिओ मधे उभा राही आणि टिबल्टची छत्री दर वेळी त्याच्याच पोटाला लागे. दाराशी आमचे शिपाईमामा वर्ग बंद करायची वाट बघत उभे होते. अखेर त्यांना राहवेना.

“मॅडम, पोरगं असं मधे उभं राहिलं तर मरंल की ओ तेच. सोडवायला जाणारा असा मधे जात न्हाई.”

मी म्हटलं, “मग कसा जातो, दाखवा मामा.”

मामांनी किल्ल्यांचा जुडगा खिडकीत ठेवला आणि मधे आले. ते मिरज तालुक्यातल्या ज्या गावचे आहेत तिथे त्यांच्या तरुणपणी दोन भावक्यांत मोठी मारामारी झाली होती, एवढं मला माहीत होतं. त्यांनी रोमिओला बाजूला केलं, मर्क्युशिओच्या पाठीमागे गेले आणि त्याला दोन्ही हातांनी मागून आवळला. पोराचे हात अंगाशी बांधले गेले, छाती उघडी पडली. मग मामा टिबल्टला म्हणाले, “आता घाल तुझी छत्री.” टिबल्टने मामांच्या कोपराखालून छत्री पुढे केली. ती नेमकी मर्क्युशिओच्या बरगडीला टेकली. कुणी हललं नाही.

“प्रत्येक जण आपला माणूस धरतो,” मामा म्हणाले. “माया असती म्हणून धरतो. पण आपला धरला की त्येचे हात अडकतात आणि पुढचा मोकळा राहतो. सोडवायचं तर पुढच्याला धरायचं, न्हाईतर दोघांस्नी धरायला दोन माणसं पायजेत. एकट्यानं सोडवायला जाऊच नये.” आणि मग, आवळलेला मुलगा सोडत, हळू आवाजात, “मी धाकट्या चुलत्याला धरला हुता.”

पुढे काय झालं ते त्यांनी सांगितलं नाही आणि कुणी विचारलंही नाही.

नाटकात मर्क्युशिओ मरताना रोमिओला हेच विचारतो, तू मधे कशाला आलास, तुझ्या हाताखालून मला लागलं. रोमिओ म्हणतो, मला वाटलं भल्यासाठीच करतोय. एवढंच, एका ओळीचं उत्तर. या ओळीवर मी आजवर वर्गात फार थांबत नसे. त्या दिवशी वर्गाने मला तिथून हलू दिलं नाही. मुलांनी संहिता उघडून बघितली. रोमिओ आधी आपल्या भावकीतल्या बेन्व्होलिओला हाक मारतो, यांची शस्त्रं खाली पाड म्हणतो. म्हणजे दुसऱ्या माणसाची गरज त्याला कळते. बेन्व्होलिओ तिथेच उभा आहे, पण वेळेत पुढे होत नाही. मर्क्युशिओ दोन्ही घराण्यांना तळतळून शाप देतो, तुम्हा दोघांना मरी येवो म्हणतो, आणि त्याला तो हक्क आहे. तो दोन्हींपैकी कुठल्याच घरचा नाही, राजाचा नातलग आहे. गावातल्या भांडणात तिसऱ्याच घरचं माणूस जातं तेव्हा त्या घरात काय होतं, हे मुलांना माझ्यापेक्षा जास्त ठाऊक होतं.

मग टिबल्टचं काम करणाऱ्या शांत मुलाने वही मिटून विचारलं, “मॅडम, पण रोमिओनं सांगितलं का नाही? माझं तुझ्या बहिणीशी लग्न झालंय, एवढंच म्हणायचं होतं. सगळं तिथंच मिटलं असतं.”

वर्गातले मुलगे एका सुरात हो म्हणाले. खरंच होतं ते. नाटकाचा सगळा पुढचा अनर्थ एका वाक्याने टळला असता. कवठेमहांकाळची एक मुलगी खिडकीपाशी बसली होती. तिला ज्युलिएटच्या दाईचं काम हवं होतं आणि या प्रवेशात दाई नाही म्हणून ती सकाळपासून गप्प होती. ती म्हणाली, “त्यानं सांगितलं असतं तर तो सुटला असता. ती नसती सुटली.”

“म्हणजे?”

“टिबल्ट तलवार घेऊन उभाय, मॅडम. हातात तलवार असलेल्या भावाला रस्त्यात दहा जणांसमोर सांगायचं, की तुझी बहीण मी नेली? तो ह्याच्याकडं बघत बसंल का? आधी घरी जाईल.”

तिने हे अजिबात आवाज न चढवता सांगितलं. मुलगे गप्प झाले. मी हा प्रवेश इतकी वर्षं शिकवते आहे. रोमिओच्या मौनाचं कारण मी नेहमी त्याच्या हळव्या मनात शोधलं, किंवा वाट बघणाऱ्या धर्मगुरूच्या योजनेत. ज्युलिएट त्या वेळी घरात एकटी आहे, तेराची आहे, तिच्या भोवती सगळी टिबल्टची माणसं आहेत. पुढे पाचव्या प्रवेशात नुसतं लग्नाला नाही म्हटल्यावर तिचा बाप तिला काय काय बोलतो ते वाचा. रस्त्यावर भीक माग, उपाशी मर म्हणतो, हात शिवशिवतोय म्हणतो. लग्न झालंय हे कळलं असतं तर?

स्पर्धा परीक्षेची तयारी करणारा एक मुलगा म्हणाला की आता तसं नाही, 1954 चा विशेष विवाह कायदा आहे, नोटीस द्यायची, तीस दिवस थांबायचं, कुणाची कायदेशीर हरकत नसली की नोंदणी होते. त्याने कलमांसकट सांगितलं, बरोबर सांगितलं. ती मुलगी म्हणाली, “नोटीस कार्यालयात सगळ्यांना दिसंल अशी लावतात. ते तीस दिवस पोरीनं कुठं राहायचं, ते लिहिलंय का कलमात?”

त्याच्याकडे उत्तर नव्हतं. माझ्याकडेही नाही. सर्वोच्च न्यायालयाने 2018 साली अशा जोडप्यांच्या संरक्षणासाठी जिल्ह्याजिल्ह्यात विशेष कक्ष आणि सुरक्षित निवारा असावा असे निर्देश दिले आहेत, ते मी मुलांना सांगितलं, कारण हे त्यांना माहीत असायलाच हवं. तिने ते वहीत लिहून घेतलं.

आता सगळ्यात अवघड तुकडा राहिला होता. मर्क्युशिओ आत जाऊन मरतो. टिबल्ट परत येतो. आतापर्यंत शिव्या गिळणारा रोमिओ म्हणतो, दयामाया गेली स्वर्गात, आता डोळ्यांत आग घेतलेला संतापच मला वाट दाखवील. आणि मारतो. नट कितीही चांगला असला तरी हे वळण त्याला जड जातं. शहाणा, नुकता लग्न झालेला, पाच मिनिटांपूर्वी तह करू पाहणारा मुलगा खुनी होतो, आणि त्यासाठी लेखकाने त्याला मोजून काही ओळी दिलेल्या आहेत.

तासगावच्या त्या अबोल मुलाने त्या ओळी पहिल्याच वेळी अशा म्हटल्या की टिबल्ट झालेला मुलगा खरोखर दोन पावलं मागे सरला. आरडाओरडा नाही, हातवारे नाहीत. आवाज उलट खाली गेला होता. मी विचारलं, कुठे बघितलंस असं बोलणं? तो म्हणाला, “घरात.”

पुढचं त्याने सांगितलं ते त्याची परवानगी घेऊन लिहिते आहे. खुणा बदलल्या आहेत. त्यांची आणि चुलत आजोबांच्या घराची बाग लागून आहे. बागेत जायची ट्रॅक्टरची वाट आजोबांच्या हद्दीतून जाते. वाटेवरून कुरबूर जुनी होती, पण फवारणीचा ब्लोअर जात होता. एका वर्षी सलग ढगाळ हवा पडली, वर पाऊस, आणि नेमकं त्याच आठवड्यात पलीकडच्यांनी वाटेत दगड रचले. द्राक्षाला त्या हवेत फवारणी चुकली की दावण्या येतो. पान पिवळं पडतं, खाली पांढरी बुरशी धरते, घडात शिरली की घड सुकतो. पाठीवरच्या पंपाने सगळी बाग होत नाही. वर्षाचं पीक त्यांच्या डोळ्यांदेखत गेलं, कर्ज मात्र राहिलं. मामलेदार न्यायालयाच्या 1906 सालच्या कायद्याखाली तहसीलदारांकडे वाट मोकळी करण्याचा दावा टाकला, त्याच्या तारखा पडू लागल्या. अशातच एका संध्याकाळी त्याच्या धाकट्या चुलत्याचं त्या दगडांपाशी भांडण झालं आणि चुलता डोकं फुटून घरी आला.

“पप्पांनी काही विचारलं नाही,” तो म्हणाला. “कोयता घेतला. आणि ह्या आवाजात म्हणाले, आज संपवतोच. आमची त्यांची वस्ती लांब आहे, गाडीशिवाय जायचं तर वेळ लागतो. पप्पा गाडीपाशी गेले तर किल्ली नाही. खुंटीला नाही, खिशात नाही, टीव्हीवर नाही. आईला विचारलं, आई म्हणाली, मला काय माहीत. ती चुलत्याच्या डोक्याला हळद लावत बसली होती. पप्पांनी सगळं घर पालथं घातलं. शिव्या देत होते, शोधत होते. तेवढ्यात शेजारची दोन-तीन जुनी माणसं आली. त्यांनी पप्पांना बसवलं. कोयता कुणी उचलला ते कळलंच नाही.”

“किल्ली कुठं होती?” टिबल्टने विचारलं.

“हळदीच्या डब्यात.”

अर्धा तास गेला असेल, तो म्हणाला. त्याच्या आईने नवऱ्याचे पाय धरले नाहीत, दार अडवलं नाही, गळा काढला नाही. त्याला समोरून अडवलं असतं तर, मामांनी दाखवलं तसं, तिचेही हात अडकले असते. तिने फक्त वेळ काढला. हा मुलगा ते सगळं दाराआडून बघत होता आणि त्याला डबा माहीत होता. त्याने वडिलांना सांगितलं नाही. त्याचं वय तेव्हा जेमतेम ज्युलिएटएवढं असेल.

माझ्या डोक्यात ब्रुकची महिन्यांची गोष्ट आणि शेक्सपिअरचे चार-पाच दिवस त्या क्षणी एकत्र आले. सुडाला लागतो तो तापलेला क्षण आणि त्याच्यामागे थांबायला जागा नसणं. वैर पिढ्यान्‌पिढ्या थंड पडून राहू शकतं. मुडदा पडतो तो एखाद्या दुपारी. म्हणूनच या लेखकाने माणसांच्या हातातून वेळ काढून घेतला. मर्क्युशिओ मेल्याची बातमी आणि टिबल्टचं परत येणं यांत श्वास घ्यायला जागा नाही. रोमिओला घरी जायला, पाणी प्यायला, किल्ली शोधायला अवसर नाही. पुढेही तेच. लग्न गुरुवारी ठरतं ते कॅप्युलेट उतावळेपणाने बुधवारवर आणतो. धर्मगुरू ज्युलिएटला बेचाळीस तासांची गुंगी देतो, पण साथीच्या भीतीने त्याचा निरोप्या घरात कोंडला जातो, पत्र पोचत नाही, आणि रोमिओ थडग्यापाशी ती जागी व्हायच्या काही क्षण आधी विष घेतो. हे सगळं नशिबावर ढकलायची सोय नाटकातच आहे. रोमिओ स्वतः टिबल्टला मारून मी नियतीचा खुळा म्हणून ओरडतो. मला ते कधीच पुरेसं वाटलं नाही. घाई न करता सावकाश चाला, धावणारे ठेचकाळतात, असं सांगणारा धर्मगुरूच त्यांचं लग्न एका दुपारीत उरकतो.

आणि तरी त्या खिडकीतल्या मुलीचे तीस दिवस माझ्यासमोर होतेच. कोयता घेऊन निघालेल्या माणसाला वेळ मिळाला तर घर वाचतं. पळून आलेल्या मुलीच्या घरच्यांना वेळ मिळाला तर तिचंच काय होईल सांगता येत नाही. म्हणूनच ती दोघं घाई करतात. ही गाठ मला वर्गात सोडवता आली नाही, आणि सुटल्यासारखं बोलून मी ती झाकली नाही.

दुपार टळून गेली होती. मामा किल्ल्या हातात घेऊन अजून तिथेच, आता पहिल्या बाकावर बसून होते. मी शेवटच्या प्रवेशाचा सारांश सांगितला. थडग्यात तीन तरुण प्रेतं: रोमिओ, ज्युलिएट आणि तिच्याशी लग्न ठरलेला राजाचा नातलग पॅरिस. दोघे बाप समोरासमोर. कॅप्युलेट माँटेग्यूचा हात मागतो. माँटेग्यू म्हणतो, मी तुझ्या मुलीचा शुद्ध सोन्याचा पुतळा उभारीन. कॅप्युलेट म्हणतो, रोमिओचाही तितकाच भारी तिच्या शेजारी उभा राहील. पलूसचा मर्क्युशिओ चिडला. “अजून चढाओढच करालेत की!” खरं आहे. समेट झाला तरी तुझा पुतळा आणि माझा पुतळा चालूच. फक्त राजा एक गोष्ट करतो जी मी आमच्याकडच्या बैठकांत फार कमी वेळा ऐकली आहे: तुमच्या भांडणाकडे मी कानाडोळा केला, म्हणून माझेही दोन आप्त गेले, असं तो सगळ्यांसमोर कबूल करतो.

खिडकीतली मुलगी पुस्तकाची पानं मागे उलटत होती. तिने पहिल्या अंकातला पहिला प्रवेश काढला. रस्त्यात मारामारी पेटल्यावर म्हातारा कॅप्युलेट तलवार मागतो, तर त्याची बायको म्हणते, कुबडी मागा, तलवार कशाला. माँटेग्यू पुढे धावतो, तर त्याची बायको त्याला धरून ठेवते, वैऱ्याकडे एक पाऊलही टाकायचं नाही म्हणते. “मॅडम, ह्या दोघी आहेत तोवर कुणी मेलं नाही,” ती म्हणाली. “तिसऱ्या अंकात खून होईपर्यंत एकही बाई नाही.”

मी पुस्तक तिच्या हातातून घेऊन पाहिलं. तसंच आहे. बायका येतात त्या टिबल्ट पडल्यानंतर. तेव्हा कॅप्युलेटची बायको रक्ताला रक्त मागते. पुढे तर ती मुलीला सांगते की मांतुआला माणूस पाठवून रोमिओला विष घालते. आधी कुबडी म्हणणारी हीच. माँटेग्यूची बायकोही त्या गर्दीत येते, पण तिच्या तोंडी एक शब्द नाही. शेवटच्या प्रवेशात नवरा येऊन सांगतो की मुलाच्या हद्दपारीच्या दुःखाने ती त्याच रात्री गेली.

“मला हिचं काम द्या,” ती म्हणाली.

मी म्हटलं, या प्रवेशात तिला बोलायला काहीच नाही.

“मग तो आधीचा तुकडा जोडा.”

जोडायचं ठरलं. सुरुवात पहिल्या अंकातल्या त्या मारामारीने, दोन बायका दोन नवऱ्यांना धरून. मग मधे काही न सांगता थेट तिसऱ्या अंकातला भर दुपारचा रस्ता, आणि तिथे त्या दोघी नाहीत. कॅप्युलेटच्या बायकोसाठी दुसरी एक मुलगी लगेच तयार झाली. तासगावचा मुलगा म्हणाला की रोमिओ तोच करेल, पण त्या ओळी आणखी हळू म्हणून बघेल. त्यांची वाट तहसीलदारांनी खुली करून दिली आहे, पलीकडचे वर दाद मागायला गेलेत, आणि ब्लोअर सध्या जातो. दोन्ही घरं अजून एकमेकांच्या दारात जात नाहीत. पण दिवाळीत त्याच्या आईने पलीकडच्या म्हाताऱ्या आजीला फराळाचा डबा पाठवला होता, आणि डबा रिकामा परत आला नव्हता; त्यात थोडे बेदाणे होते.

मारामारीची तालीम सोमवारपासून मामांकडे दिली. त्यांची एकच अट होती: शिकवताना रोमिओने दोन्ही पद्धती शिकायच्या, नाटकात करायची ती आणि खरी करायची ती.